आत्याचा फ्लॅट आणि रात्रीचा फोन

भावाने पुण्याहून पाठवलेल्या यादीत पहिलंच होतं मॉड्युलर किचन. मग फॉल्स सीलिंग, मग सगळीकडे दोन बाय दोनच्या व्हिट्रिफाइड टाइल्स आणि शेवटी बाथरूममध्ये काचेचं पार्टिशन. एकूण आकडा ३ लाख ९० हजार. खाली लिहिलं होतं, "ताई, एकदाच कर पण नीट कर. भाड्याचे महिना ११ हजार कुठे गेले नाहीत."

फ्लॅट आमच्या आत्याचा. राजेंद्र नगरच्या एका जुन्या मल्टीत, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. (इंदूरबाहेरच्यांसाठी: इकडे अपार्टमेंटला मल्टी म्हणतात, मजले तीन असोत की तेरा.) हॉल, एक बेडरूम, स्वयंपाकघर, एकच बाथरूम, सगळं मिळून ४६० चौरस फूट. मागच्या उन्हाळ्यात आत्या गेली. फ्लॅट आम्हा दोघा भावंडांच्या नावावर आला आणि सोबत तिची दीड लाखाची एक एफडी. भाऊ म्हणाला, एफडी घरावर लाव आणि भाडं आईच्या बाईला जाऊ दे. आईकडे दिवसभर एक बाई लागते, तिचा पगार ९ हजार. म्हणजे माझ्यापुरता प्रश्न सोपा होता. दीड लाखाच्या आत घर उभं करायचं आणि महिन्याला नऊच्या आसपास आणायचे. ३ लाख ९० मधले उरलेले २ लाख ४० कुठून आणायचे हे यादीत नव्हतं.

मी एका शाळेत २४ वर्षं अकाउंट्स बघते. दुसऱ्याच्या पैशाचे कॉलम आखण्यात आयुष्य गेलं, म्हणून भावाच्या यादीशेजारीही मी एक कॉलम आखला आणि त्याला नाव दिलं 'फोन'.

त्याचं असं आहे. लग्नानंतरची ११ वर्षं आम्ही मल्हारगंजात भाड्याने काढली. त्या घराच्या भिंतींना रंग कोणता होता, देवाशप्पथ आठवत नाही. पण बाथरूमच्या बल्बचा होल्डर आठवतो. पावसाळ्यात त्या स्विचला हात लावायचा तर आधी पायात रबरी चप्पल घालायची, हा घरचा नियम होता. मुलगी अडीच वर्षांची असताना तिलाही तो पाठ होता. आणि मग रात्री नऊनंतर यांनी घरमालकांना फोन करायचा, कारण ते तेव्हाच सापडायचे. ते म्हणायचे, "बघू, रविवारी माणूस पाठवतो." आता घरमालकीण मी होणार होते आणि नऊनंतरचा फोन मला येणार होता.

म्हणून कॉलममध्ये एकच प्रश्न: ही गोष्ट नाही केली तर रात्री फोन येईल का? मॉड्युलर किचन नाही केलं म्हणून कोणी फोन करत नाही. फॉल्स सीलिंगचंही तेच. गीझर लावला की लाईट जाते, याचा फोन येतो. बाथरूमचं पाणी खालच्यांकडे उतरतं, याचे तर दोन फोन येतात, एक भाडेकरूचा आणि एक खालच्यांचा.

तो दुसरा फोन खरं तर आत्याला दोन वर्षांपासून येत होता. खालचे काका सांगायचे आणि ती म्हणायची, "हो, बघते." काकांच्या बाथरूमच्या छताला एक तपकिरी नकाशा उमटला होता आणि दर पावसाळ्यात त्याच्या सीमा वाढत होत्या. वर आमच्या बेडरूमची बाथरूमला लागून असलेली भिंत गुडघ्यापर्यंत ओली. रंगाचे पोपडे आणि त्यावर पांढरा खार, मीठ सांडल्यासारखा. रंगवाला म्हणाला, "दीदी, वॉटरप्रूफ पुट्टी मार देंगे, पता भी नहीं चलेगा." पता नहीं चलेगा, हे खरंच. पण किती दिवस?

ओल पावसाची असती तर दिवाळीनंतर उतरायला लागली असती. ही तशीच होती. म्हणजे पाणी घरातलंच.

पहिला मिस्त्री आला, दारातूनच आत बघितलं आणि म्हणाला, अख्खं बाथरूम फोडावं लागेल, ६५ हजार. दुसरा एक वयस्कर प्लंबर काकांनीच सुचवला होता. तो तोंडाने फार बोलत नाही. त्याने बाथरूममध्ये उकिडवं बसून नहाणी ट्रॅपची (जमिनीतलं पाणी जिथून खाली जातं त्या तोंडाची) जाळी काढली, आत बोट फिरवलं, बोट हुंगलं आणि विचारलं, "घर में नील है?"

कपड्यांना घालतात ती नीळ. मला वाटलं चेष्टा करतोय.

त्याने एका फडक्याचा बोळा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळला आणि ट्रॅपच्या तोंडात असा ठोसला की थेंब जाणार नाही. मग बादल्या ओतून बाथरूममध्ये दोन इंच पाणी साठवलं आणि पाण्याच्या पातळीला टाइलवर पेन्सिलने रेघ ओढली. "कल शाम तक कोई नहाना मत." तिथे नहायला होतं कोण! दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाणी रेघेपासून केसभर खाली, एवढंच. काकांच्या छताला काही नवीन नाही. मग त्याने त्याच पाण्यात नीळ कालवली आणि बोळा काढला. निळंशार पाणी घुळघुळत गेलं.

सकाळी सातला काकांचा फोन. "अगं, छत निळं झालंय ना!"

दुसऱ्याच्या छताला डाग पडला म्हणून मला एवढा आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता. कारण त्याचा अर्थ असा की बाथरूमची जमीन शाबूत आहे, ती पाणी धरते. गळतोय तो ट्रॅप आणि पाइपचा सांधा, म्हणजे पाणी वाहायला लागलं की गळतं. अख्खं बाथरूम फोडायची गरज नाही. दोन बाय दोन फूट फोडलं. खाली जुना बिडाचा ट्रॅप निघाला, गळ्याशी गंजून पापडासारखा झालेला. त्याच्या भोवती भरलेले विटांचे तुकडे काळे, चिंब, त्यांना तळ्याच्या गाळासारखा वास. हेच पाणी वर्षानुवर्षं भिंत पीत होती आणि काका खालून बघत होते.

खड्डा आठ दिवस उघडा ठेवला, वाळायला. मग पीव्हीसीचा ट्रॅप, भोवती पक्का माल, त्यावर वॉटरप्रूफिंगचे दोन हात, एक उभा आणि एक आडवा, पहिला सुकल्यावर दुसरा. भिंत आणि जमीन जिथे भेटतात तो कोपरा त्याने आधी मालाने गोल करून घेतला. काटकोनात कोटिंग चिरतं, असं त्याचं म्हणणं. मग पुन्हा बोळा, पुन्हा पाणी, या वेळी ४८ तास, आणि मगच टाइल. जुन्या पांढऱ्या टाइलचा जोड पूर्ण सियागंज पालथा घातला तरी मिळाला नाही. म्हणून आता पांढऱ्या बाथरूमच्या मधोमध चार राखाडी टाइल्स आहेत, शाळेच्या युनिफॉर्मला ठिगळ लावल्यासारख्या. फोनच्या कॉलममध्ये हे बसत नाही, म्हणून राहू दिलं. बाकीच्या टाइल्स नुसत्या घासून सांधे नवीन भरले. ॲसिड मी वापरू दिलं नाही. ॲसिडने टाइल उजळते खरी, पण सांध्यांतलं सिमेंट खाल्लं जातं आणि पुन्हा पाणी खाली जायला वाट होते.

नळ, दाराच्या खालच्या कुजलेल्या भागासकट बाथरूमचं दार (पीव्हीसीचं घेतलं), गच्चीवरच्या टाकीचा बॉल कॉक हे सगळं धरून या खात्यात ४१,३०० रुपये गेले. टाकी मात्र जुनीच ठेवली, ५०० लिटरची काळी. तिच्याशिवाय इकडे चालत नाही. इंदूरला नर्मदेचं पाणी आलं १९७८ साली, जलूदहून ७० किलोमीटरवरून उचलून आणलेलं, आणि अजूनही बऱ्याच वस्त्यांत ते एक दिवसाआडच येतं. बॉल कॉक बिघडला की पाण्याच्या दिवशी टाकी भरून वाहते आणि आख्खी मल्टी खिडकीत येऊन "किसकी टंकी है?" म्हणून ओरडते. आमचीच असायची.

आता माझी चूक सांगते, कारण ती ४,२०० रुपयांची आहे आणि हिशेबात दडवता येत नाही.

ओल्या भिंतीचं प्लॅस्टर कमरेपर्यंत खरवडून नवीन केलं. प्लंबर म्हणाला होता, घाई करू नका, भिंतीला वेळ द्या. पण तुळशीची लग्नं लागली होती आणि रंगवाल्याने लग्नघरांची कामं घेतली होती. तो म्हणाला, "अभी करवा लो, नहीं तो संक्रांति के बाद." संक्रांतीपर्यंत घर रिकामं म्हणजे आईच्या बाईचा पगार माझ्या खिशातून. मी हात लावून बघितलं, भिंत वरून कोरडी वाटली. पुट्टी, प्रायमर, डिस्टेंपर सगळं करून घेतलं. बाराव्या दिवशी भिंतीला फोड आले, पुरीला येतात तसे. एक दाबला तर आत पाणी नव्हतं, पण पुट्टी ओल्या पिठासारखी बोटाला आली.

यावर खरी चाचणी कोणती, तर दुधाची पिशवी. रिकामी पिशवी धुऊन, कापून, सपाट करून भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीने लावायची. दुसऱ्या दिवशी तिच्या आतल्या बाजूला बाष्प धरलं असेल तर भिंत अजून आतून पाणी सोडतेय. ही युक्ती आमच्या शाळेच्या शिपायाने सांगितली, ज्याने स्वतःचं घर स्वतः बांधलंय. मग मी रोज शाळेतून येता येता राजेंद्र नगरला थांबून तीन पिशव्या बघायची, जशी पूर्वी विरजण लागलं का बघायची. टेबल फॅन त्या भिंतीकडे तोंड करून दिवसभर चालू. तेविसाव्या दिवशी तिन्ही पिशव्या कोरड्या. तेव्हा पुन्हा पुट्टी.

रंगाचं अजून एक. आत्याचा जुना फोन हॉलमध्ये स्विचबोर्डखाली असायचा आणि ती नंबर वहीत लिहायची नाही, भिंतीवर लिहायची. बॉलपेनने. दूधवाला, गॅस, बँक, कोणाकोणाच्या सुना. डिस्टेंपरचा पहिला हात दिला, सकाळी निळे आकडे वर आलेले. दुसरा हात दिला, पुन्हा आले, जरा फिकट. पाण्याच्या रंगात ती शाई विरघळून वर चढते, असं रंगवाल्याने सांगितलं आणि तेवढ्या जागेला ऑइल प्रायमर मारला. तो वाळायच्या आधी मी वाकून बघितलं. बहुतेक नंबर पुसट झाले होते, एकच धड वाचता येत होता. आमच्या मल्हारगंजच्या घराचा लँडलाइन. खालच्या शेजाऱ्यांचाच होता तो खरं तर, ते आम्हाला हाक मारायचे. मग दोन हात मारले आणि गेला.

वायरिंगबद्दल मला कोणी काही विचारलं नाही, ना भावाने ना दलालाने, कारण ते दिसत नाही. मल्टी १९८० च्या दशकातली. आत अॅल्युमिनियमच्या तारा, आणि मीटरजवळ चिनी मातीचे किटकॅट फ्यूज. एक फ्यूज ओढून बघितला तर त्यात फ्यूज वायर नव्हतीच, कोणीतरी जाड तांब्याच्या तारेचे तीन वेढे देऊन ठेवले होते. म्हणजे फ्यूज कधीच उडणार नाही, उडेल तर घरच. आत्या म्हणायची, "आमच्याकडे लाईट कधी जात नाही हो." अॅल्युमिनियमचा दोष असा की जोडांवर ते ऑक्साइड धरतं आणि सैल पडतं, मग तिथे उष्णता होते. दोन बोर्डांच्या मागे प्लास्टिक तपकिरी झालेलं सापडलं.

इथे मी घासाघीस केली नाही. सगळी तार तांब्याची. लाईट-पंख्याला दीड चौरस एमएमची, प्लगला अडीचची, गीझरला चारची. वेगवेगळे एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारे स्विच) आणि सगळ्यांच्या डोक्यावर ३० मिलीअँपचा एक आरसीसीबी, जो माणसाला शॉक बसायला लागला की डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज तोडतो. आणि अर्थिंग तपासून. सामान मी स्वतः महाराणी रोडवरून आणलं, यांच्या स्कूटरवर मागे बसून, मांडीवर तारांची भेंडोळी घेऊन. इलेक्ट्रिशियनला विचारलं, आरसीसीबी कितीचा? तो म्हणाला, "किराए का मकान है, इसकी क्या जरूरत?" मला मल्हारगंजची रबरी चप्पल आठवली. त्याला म्हटलं, जरूरत मला आहे. एकूण २९,७०० रुपये.

पैसे वाचले ते फरशीत. भावाच्या यादीत टाइल्सचेच ७० हजार होते. पण आत्याकडे कोटा होता. कोट्याची फरशी मालव्यात घरोघरी आहे, राजस्थानातून रामगंज मंडीकडून येते, आणि म्हणूनच तिला कोणी भाव देत नाही. ४० वर्षांच्या फिनेल, तेल, मेण आणि चपलांनी ती काळवंडून गेली होती. पलंगाखालची फरशी मात्र हिरवट-निळसर, पावसाळ्यातल्या तळ्यासारखी. तेव्हा कळलं की दगडाला काही झालेलं नाही, वर फक्त मळ आहे.

पॉलिशवाला मशीन घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढला तेव्हा त्याच्या आधी मलाच धाप लागली. मशीनला खाली दगडी ठोकळे लावतात, आधी खरखरीत, ६० नंबर, मग १२०, २२०, ३२०, ४००, चढत जातात. वरून पाणी सोडत राहायचं. पहिल्या फेरीला घरभर राखाडी चिखल, अगदी कुंभाराच्या चाकाभोवती असतो तसा, गुळगुळीत आणि गार. तो चिखल नाल्यात सोडायचा नाही, सिमेंटसारखा बसतो, असं मी आधीच बजावलं होतं. नवीन ट्रॅपमध्ये पहिलंच पाणी ते जायचं नव्हतं. सुपल्यांनी भरून बादल्यांत घेतला. चौथ्या फेरीनंतर त्याने एका कोपऱ्यातून ओला पोछा मारला आणि खिडकीचे गज फरशीत दिसायला लागले. मी पायातल्या चपला काढून दाराबाहेर ठेवल्या, कोणी सांगितलं नव्हतं तरी. ३७० चौरस फूट, २४ रुपयांप्रमाणे ८,८८० रुपये. एवढ्या पैशात एवढा फरक दुसऱ्या कशाने पडला नाही. कोटा म्हणजे चुनखडीचा दगड, त्याला ॲसिड, लिंबू, टॉयलेट क्लीनर चालत नाही, पांढरे डाग पडतात. तेवढं एका कागदावर लिहून भाडेकरूंसाठी दाराच्या मागे चिकटवलं.

स्वयंपाकघरात फार काही केलं नाही. ओटा काळ्या दगडाचा आहे, आत्याच्या उंचीचा म्हणजे जरा बुटका. खाली कडाप्प्याच्या फळ्या. सिंक आणि नळ बदलला, एक्झॉस्ट बसवला, आणि ओट्याखाली स्प्रिंगच्या तारेवर पडदा लावला. भावाला फोटो पाठवला तर त्याने उत्तर दिलं, "हे काय १९९२?" मी लिहिलं, तुझं प्लायवूड सिंकखाली दोन पावसाळ्यांत फुगेल, माझा पडदा धुता येतो. ९,४०० रुपये.

जाळ्या, कड्या, खिडक्यांचे तावदान ८,२००. मच्छरांच्या जाळीचा प्रश्न फोनच्या कॉलममध्ये सगळ्यांत वर होता, कारण राजेंद्र नगरचे मच्छर.

मलबा हा एक वेगळाच प्रकार. दोन फुटांचा खड्डा आणि अर्धी भिंत खरवडली तर १४ कट्टे (म्हणजे पोती) निघाले. इंदुरात २०१७ पासून आपण स्वच्छतेत पहिले, तेव्हापासून इथे प्रत्येक माणूस महापालिकेचा बिनपगारी इन्स्पेक्टर आहे. कट्टे जिन्याखाली एक रात्र राहिले तर सकाळी चार जणांनी विचारलं, "ये किसका है?" पूर्वी असा मलबा लोक नाल्याकाठी टाकून यायचे. आता महापालिकेची गाडी बोलवायची, पैसे भरायचे. मलबा देवगुराडियाला जातो, तिथे दळून त्याचे पेव्हर ब्लॉक होतात. आत्याच्या ओल्या भिंतीवरून उद्या कोणीतरी चालेल. कट्टे खाली उतरवायला चौकातून दाडकीवर दोन माणसं आणली (इकडे रोजंदारीला दाडकी म्हणतात). त्यांचा चहा, कचोरी, टेम्पो, शेवटची सफाई धरून ३,९००.

जाता जाता: सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, त्याचा मला काय फायदा झाला? तीन गोण्या लागल्या. चहाचे पैसे सुटले.

रंगाचे, दुसऱ्यांदा केलेल्या भिंतीसकट, ३१,७००. सगळी बेरीज १ लाख ३३ हजार ८०. एफडीतले १६,९२० उरले, ते मी वेगळ्या खात्यात ठेवले आहेत, कारण बिघडणार काहीतरी आहेच.

दलाल पुन्हा आला. सुरुवातीला त्यानेच सांगितलं होतं, "जैसा है वैसा छह हजार, वो भी कोई ले तो." आता त्याने फरशीकडे बघितलं, टाचेने दाबून बघितली, आणि म्हणाला साडेआठ. चार राखाडी टाइल्स त्याला दिसल्याच नाहीत. मी भावाला हिशेब पाठवला: सहाचे साडेआठ झाले, म्हणजे महिना अडीच हजार, वर्षाचे ३० हजार. खर्च साडेचार वर्षांत वसूल. तुझ्या यादीने ११ मिळाले असते, म्हणजे माझ्यापेक्षा अडीच हजार जास्त, पण त्यासाठी आणखी २ लाख ५७ हजार घालायचे. ते फिटायला साडेआठ वर्षं, आणि तोवर मॉड्युलर पुन्हा करायची वेळ. त्याने अंगठा पाठवला. आईच्या बाईचे ९ आणि भाड्याचे साडेआठ, मधले पाचशे तो देतो, हेही तेव्हाच ठरलं.

(इन्कम टॅक्ससाठी बिलं जपून ठेवणाऱ्यांना एक सांगते, कारण शाळेत मला दरवर्षी कोणीतरी विचारतं. घरभाड्याच्या उत्पन्नातून दुरुस्तीसाठी सरसकट ३० टक्के वजा मिळतात, खर्च शून्य असो की लाख. भरलेला महापालिकेचा कर त्याआधी वजा होतो. रंगाची बिलं फक्त स्वतःच्या समाधानासाठी.)

करार ११ महिन्यांचा केला. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे नोंदवावा लागतो, म्हणून सगळे ११ वर थांबतात. भाडेकरूंची माहिती पोलीस ठाण्यात दिली, ती मध्य प्रदेश पोलिसांच्या पोर्टलवरूनही देता येते. भाडेकरू दोन मुली, एक खंडव्याची, दुसरी बुऱ्हाणपूरची, दोघी इस्पितळाच्या लॅबमध्ये. बुऱ्हाणपूरच्या मुलीला मराठी येतं, त्यामुळे मी तिची काकू आणि दुसरीची आंटी. खालच्या काकांनी त्यांना पहिल्याच दिवशी पाण्याचे वार, कचऱ्याच्या गाडीची वेळ आणि निळीची संपूर्ण गोष्ट सांगितली.

राहायला आल्यानंतर नवव्या दिवशी, रात्री ९ वाजून ४० मिनिटांनी फोन वाजला. नाव बघून माझ्या पोटात गोळा आला. ट्रॅप? भिंत?

"काकू, झोपला नव्हता ना? हॉलमध्ये एक स्विच आहे, शेवटचा, तो कशाचा आहे? दाबला तर काहीच होत नाही."

मला क्षणभर उमगेना. मग आठवलं. मी इलेक्ट्रिशियनला सांगितलं होतं, जुने जेवढे पॉइंट तेवढे नवीन काढ. त्याने निमूटपणे सगळे काढले, कोनाड्यातलासुद्धा. तिथे आत्याचं देवघर होतं. देव आता माझ्याकडे आहेत. शून्याचा एक लाल बल्ब असायचा, तो दिवसरात्र जळायचा आणि ती झोपताना तेवढा एक स्विच चालू ठेवायची.

"तो देवाच्या बल्बचा," मी म्हटलं. "वर कोनाड्यात होल्डर असेल बघ."

"हो, आहे. काकू, तिथे होल्डरऐवजी प्लग करून मिळेल का? वाय-फायचा राउटर तिथे अगदी बरोबर बसतो. दोन्ही खोल्यांत रेंज येते."

रविवारी माणूस पाठवला. वरच्या १६,९२० मधून १८० रुपये गेले.